मधलीचा सूर

खालच्या दाढेला भूल देऊन झाली होती, अर्धा जबडा कुणा परक्याचा वाटू लागला होता, आणि तेवढ्यात रेडिओवर ती बातमी आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंना काम करताना रेडिओ लागे. आवाज अगदी बारीक, यंत्राच्या घरघरीत अर्धा बुडालेला, कुणीतरी बोलतंय एवढं कळावं पण काय ते कळू नये असा. पण हे कळलं. छोट्या वाद्यमेळांच्या ध्वनिमुद्रणांना दिले जाणारे यंदाचे पुरस्कार जाहीर झाले, निवेदक म्हणाला, आणि चौघांच्या गटांमधून या वर्षी निवड झाली आहे ती... आणि मग त्याने जे नाव घेतलं ते ऐकून ती भर बाजारात कुणी लहानपणच्या नावाने हाक मारावी तशी दचकली. एकतीस वर्षांपूर्वी चौघांनी मिळून, हे खोड ते खोड करत, कागदावर उरवलेलं नाव होतं ते. ‘त्यातल्या दुसऱ्या, संथ भागाची सुरुवात ऐकू या,’ निवेदक म्हणाला. ती आडवी, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात थुंकी ओढणारी नळी अडकवलेली, डोळ्यांवर दिव्याचा झोत. आणि व्हिओलाचा सूर सुरू झाला. एकटाच, खालून, अंधाऱ्या खोलीत कुणी दार हळूच ढकलावं तसा. हा माझा, की माझ्या जागी आलेल्या नवीचा? एवढा एकच विचार तिच्या डोक्यात आला, आणि त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंनी यंत्र चालू करून दाढेला लावलं. घर्रर्र. सूर गेला. ‘दुखलं तर डावा हात वर करा हं,’ असं त्यांनी आधी बजावलं होतं. तिने डावा हात वर केला. यंत्र थांबलं. चार-पाच सेकंद सूर ऐकू आला, त्याच्यावर व्हायोलिनं अलगद येऊन बसली, आणि निवेदक मधेच बोलायला लागला.

‘इतकं दुखलं?’ बाईंनी विचारलं. तिने मान हलवली. ‘मग?’ तिने रेडिओकडे बोट दाखवलं. ‘अच्छा, नको आहे होय? बऱ्याच जणांना असलं रडकं नको असतं,’ असं म्हणून बाईंनी कोपराने बटण फिरवलं आणि हवामानाचा अंदाज लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. बाईंनी ते कापसाने टिपलं आणि म्हणाल्या, ‘झालंच आता, थोडक्यासाठी धीर सोडू नका.’

बाहेर आली तेव्हा खालचा ओठ लोंबतोय असं तिला सारखं वाटत होतं. तिने दुकानाच्या काचेत बघितलं, लोंबत नव्हता. रस्ता रोजचाच होता, बँकेच्या पायऱ्या, चप्पल दुरुस्तीचं दुकान, सायकलींच्या ओळी, पण ती कुणाच्या तरी मागून चालतेय असं तिला वाटत होतं. चार-पाच सेकंद. एवढ्यावरून आपलाच हात ओळखता येऊ नये? शेजारच्या खोलीतल्या खोकल्यावरून माणूस ओळखू येतं. पण दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत तिने व्हिओला कपाटातून काढला नव्हता आणि ती तबकडीही ऐकली नव्हती. तबकडी निघाली तेव्हा टपालाने तिच्या पाच प्रती घरी आल्या होत्या. तिने ते पाकीट न फोडता टॉवेलांच्या मागे सारलं, आणि नवऱ्याने, जो कधी कधी फार शहाण्यासारखा वागतो, त्याबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. आपण त्यात नसणारच, हे ती धरून चालली होती. ध्वनिमुद्रणात दोन दिवस वाजवून तिसऱ्या दिवशी उठून गेलेल्या बाईचं कोण काय ठेवेल?

चौघांच्या मेळात दोन व्हायोलिनं वर असतात, चेलो खाली असतो, आणि या दोघांच्या मधे व्हिओला, व्हायोलिनहून थोडा मोठा, जाड आवाजाचा. म्हणून तिला सगळे मधली म्हणत. माहेरीही ती तिघी बहिणींतली मधलीच, तेव्हा तिला हे नाव नवं नव्हतं. थोरलीचे कपडे तिला यायचे आणि धाकटीचे हट्ट तिला पुरवायला लागायचे. पहिलं व्हायोलिन ताईकडे. दुसरं मास्तरांकडे, ते सकाळी शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी ठोके चुकले की तिथल्यासारखेच भुवया उचलायचे. चेलो जाड्याकडे. तो काडीसारखा होता, पण पाठीवर ते धूड घेऊन यायचा म्हणून जाड्या. ताईचे वडील त्यांना चांडाळचौकडी म्हणायचे आणि तालमीच्या वेळी मुद्दाम दार धाडकन लावून बाहेर जायचे. त्याच घरात ताईचा धाकटा भाऊ चहाचे कप घेऊन आत-बाहेर करायचा. त्याला सूर आणि सुरी यातला फरक कळत नाही, असं ताई म्हणायची, पण कप आणायच्या निमित्ताने तो मधलीच्या खुर्चीमागे फार वेळ उभा राहायचा, आणि तीन वर्षांनी त्याच घरात ती सून म्हणून आली. लग्नाआधी ती ताईला बिनदिक्कत अगं-तुगं करायची. लग्नानंतर नणंद म्हणून, चारचौघांत, अहो ताई म्हणू लागली. पण तालमीला बसलं, गजाला राळ लावली, की पुन्हा ‘अगं, तू घाई करतेयस’. दोन्ही बोलणी एकाच घरात, एका दाराच्या अलीकडे आणि पलीकडे. गेली दोन वर्षं फक्त अहो ताई उरलं होतं.

हात थरथरायला लागला तो असाच, कधी ते सांगता येणार नाही असा. आधी गजाच्या टोकाशी, संथ सूर ओढताना. जोरात वाजवायचं असलं की काही नाही. हळू, लांब, एकसारखं वाजवायचं म्हटलं की गज तारेवर ठरेना, उकळायच्या आधी पाण्याचा वरचा थर हलतो तसा. तिला वाटलं दमलेय. मग वाटलं राळ नवी आहे. मग गज दुरुस्त करणाऱ्याकडे दोनदा जाऊन आली. त्याने गज डोळ्यासमोर धरून, फिरवून, सरळ आहे म्हणून सांगितलं आणि मग तिच्या हाताकडे बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. डॉक्टर म्हणाले जिवाला काही नाही, कंप आहे, सावकाश वाढेल; कपबशी, चमचा, सही, सगळं करता येईल, थोडं हलत. त्यांनी ते इतक्या प्रेमाने सांगितलं की तिने आभार मानले. आता ती संगीतशाळेच्या ग्रंथालयात स्वरलिपीची पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होती, आणि तिने मारलेला तारखेचा शिक्का दोनदा उमटलेला असे. कुणी काही म्हणत नसे. मुलं कुजबुजत की या बाईंनी दिलेल्या पुस्तकाला दोन दिवस जास्त मिळतात.

ध्वनिमुद्रण एका बंद पडलेल्या शाळेच्या सभागृहात झालं होतं. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, जमिनीवर गालिचे, मधे चार खुर्च्या आणि डोक्यावर माइक, वटवाघळांसारखे उलटे लटकलेले. शेजारच्या वर्गात, फळ्यासमोर, यंत्रं मांडून ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई बसल्या होत्या. कमी बोलणाऱ्या. भिंतीवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा, ‘पुन्हा एकदा. बाराव्या ओळीपासून.’ बस, एवढंच. पहिल्या दिवशी पहिला भाग झाला. दुसऱ्या दिवशी संथ भाग, ज्याच्या सुरुवातीला व्हिओला एकटा, आणि तो एक सूर इतका लांब की गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर माणसाला आपलं सगळं आठवावं. तो तिने सात वेळा वाजवला. सातही वेळा हात हलला. कर्ण्यातून आवाज आला, ‘ठीक. पुढे.’ रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या भागाच्या मधे, गज तारेवरून उडून पडला. उचलला. पुन्हा वाजवायला घेतला. पुन्हा तेच. तेव्हा तिने व्हिओला पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, त्या लागताना खट् खट् असा केवढा मोठा आवाज झाला त्या रिकाम्या सभागृहात, आणि ती ताईला म्हणाली, ‘नवीला बोलाव.’ नवी म्हणजे तिचीच विद्यार्थिनी, सव्वीस वर्षांची, हात असा की पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये. ताई म्हणाली, ‘बरं.’

फक्त बरं. एकोणतीस वर्षं सोबत वाजवलेल्या बाईने. तो शब्द घेऊन ती बसने घरी आली आणि मग तो दोन वर्षं घरातच राहिला. भाजी चिरताना, दिवा मालवताना, केसांना तेल लावताना, बरं. थांब गं म्हणाली असती. उद्या बघू म्हणाली असती. रागावली असती तरी चाललं असतं. ताई यायची, पाहुण्यासारखी बसायची, तब्येत विचारायची, नवऱ्याच्या दुकानाबद्दल बोलायची, जायची. दोघींच्या मधे तो शब्द टेबलावर मिठाच्या भांड्यासारखा ठेवलेला असायचा आणि दोघी तो एकमेकींकडे सरकवायच्या नाहीत.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान वाटेतच होतं. तो भिंग डोळ्याला लावून कुणाच्या तरी चष्म्याचा तिळाएवढा स्क्रू बसवत होता. ‘फुरस्कार मिळाला,’ ती म्हणाली. भुलीमुळे प आणि फ मधलं काही ठरत नव्हतं. तो हसला नाही. त्याने भिंग काढलं, स्क्रू बशीत ठेवला. ‘कळलं तुला?’ तो म्हणाला. ‘म्हणजे तुला माहीत होतं?’ ‘परवा ताईचा फोन आला होता. म्हणाली, मी स्वतः येऊन सांगते, तू तोंड उघडू नकोस. काल येणार होती. मग म्हणाली आज येते. तिला धीर होईना.’ ‘ताईंना? धीर?’ तिला ते खरंच कळेना. ताईने सभागृहात वीज गेलेली असताना अंधारात अर्धा भाग पाठ वाजवला होता. ताईने वडिलांना, त्यांच्याच घरात, दार हळू लावा म्हणून सुनावलं होतं. ‘मी आहे का त्यात?’ तिने विचारलं. नवरा म्हणाला, ‘मला सूर कळत नाही, तुला माहितेय. पण मी एकदा चोरून ऐकली ती तबकडी. इथे, दुकान बंद करून. आणि मला वाटलं की...’ त्याने भिंग पुसलं. ‘जाऊ दे. ताई सांगेल. माझं चुकायचं.’

ताई दुपारी आली. साडी नेहमीची, केस नेहमीसारखे घट्ट, पण चपला काढताना ती भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि मधलीच्या पहिल्यांदा लक्षात आलं की ताई साठीच्या पुढे गेली. चहा झाला. मधलीचा अर्धा ओठ अजून झोपलेलाच, चहा एका बाजूने गळत होता. ताईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. ‘परीक्षकांचं मत आहे,’ ती म्हणाली, ‘त्यांनी नावं न बघता सगळं ऐकलं, असं लिहिलंय. वाचते.’ आणि तिने चष्मा लावून, शाळेतल्या मुलीसारखं, एका सुरात वाचलं. ‘दुसऱ्या भागाच्या आरंभी व्हिओलाचा जो दीर्घ सूर येतो तो सरळ रेषेत जात नाही, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा तो आतून हलतो. असं धाडसी आणि विचारपूर्वक गजकाम आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.’

मधली हसली. अर्ध्याच तोंडाने हसता येत होतं, म्हणून ते कसंतरीच दिसलं असेल. ‘विचारपूर्वक!’ ती म्हणाली. ‘अहो ताई, तो रोग आहे.’

‘माहितेय,’ ताई म्हणाली.

‘मग का ठेवलात? नवीने वाजवला नाही का तो भाग?’

‘वाजवला. चौथ्या दिवशी सकाळी. एकही चूक नाही.’

‘मग तो घ्यायचा.’

‘मीही तेच म्हटलं.’

तिने कप खाली ठेवला. ताई बोलत राहिली, कपाच्या कानाशी चाळा करत. तिसरा आणि चौथा भाग नवीचाच घ्यायचा, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्याचं ठरेना. तेव्हा त्या कमी बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, मी दोन्ही लावते, कुठलं कुणाचं ते सांगणार नाही. जसं काही कळणारच नव्हतं. सगळे त्या वर्गात मुलांच्या बाकांवर बसले. जाड्याचे गुडघे बाकात मावेनात. दोन्ही वाजून झाल्यावर मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. मग बाई म्हणाल्या, पहिला हवा त्यांनी हात वर करा. ‘मी केला,’ ताई म्हणाली. ‘मी एकटीने. पहिला नवीचा होता. मग त्या म्हणाल्या, दुसरा? मास्तरांनी केला, जाड्याने केला. आणि नवीने. तिने तर सगळ्यांच्या आधी केला. आपलाच सूर बाजूला ठेवायला.’

 मधलीला वाटलं, आपल्याला आता राग यायला हवा. तो कुठून येतोय याची ती वाट बघत बसली. दयेने ठेवला असेल, ही भीती तिला कागद ऐकतानाच चाटून गेली होती. जुनी बाई, आजारी बाई, असू दे तिचा एक सूर. पण दया करणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. भाजीवाल्याची वजनातली चूक पोटात घालणारी, मास्तरांच्या बेसुऱ्या दिवसांवर पांघरूण घालणारी ताई. आणि मधलीच्या वेळी हात वर केला नव्हता तो तिनेच. म्हणजे ज्यांनी केला त्यांनी सुरासाठी केला.

‘तू का नाही केलास?’ मधलीने विचारलं. तू म्हणून गेल्याचं तिच्या लक्षात आलं नाही, ताईच्या आलं.

‘मला ऐकवत नव्हतं गं,’ ताई म्हणाली. ‘त्यांना सूर ऐकू येत होता. मला तुझा हात दिसत होता. तू गजाला कशी धरून ठेवतेयस, दातावर दात दाबून. म्हटलं, हे कायमचं नको राहायला. लोकांनी पुन्हा पुन्हा नको ऐकायला.’ तिने चष्मा काढला. ‘माझं चुकलं. पण मला त्या दिवशी तसंच वाटलं, आणि तुला खोटं सांगून मला बक्षीस घ्यायचं नव्हतं. म्हणून तीन दिवस येता आलं नाही.’

‘आणि मी उठले तेव्हा नुसतं बरं म्हणालीस.’

ताईने तिच्याकडे असं बघितलं की जणू हा शब्द तिला आठवतच नव्हता. आणि मग आठवला. ‘अजून एक अक्षर बोलले असते तर रडले असते,’ ती म्हणाली. ‘आणि मी रडले असते तर जाड्या रडला असता, आणि मग संपलंच. ते सभागृह चारच दिवस मिळालं होतं. मग नंतर बोलायचं ठरवलं. मग तू बोलेनास. मग मला वाटलं, हिला मी नकोच आहे.’

‘वेडी आहेस,’ मधली म्हणाली, पण भुलीमुळे ते ‘फेडी’ ऐकू आलं, आणि दोघी हसल्या; आधी ताई, मग तिला हसताना बघून ही, अर्ध्या तोंडाने, चहा सांडत. हसण्याचं रडणं कुठे झालं ते दोघींनाही कळलं नाही. नवरा दुकानातून जेवायला आला होता, तो दारातूनच परत फिरला.

मग तिने टॉवेलांमागचं पाकीट काढलं. हात हलत होता म्हणून ते ताईने फोडलं. कव्हरवर नावं पाच होती. चौकडीची पाच नावं. कोणता भाग कुणाचा ते बारीक अक्षरात लिहिलेलं. ती तबकडी त्यांनी दुपारच्या उन्हात, भांडी तशीच ठेवून ऐकली. सूर सुरू झाला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, टेबलावरच्या ओल्या गोल डागाकडे बघत राहिली. ओळखू आला. लगेच. ही काय विचारायची गोष्ट होती? आपला तो आपलाच. पण तिला आठवत होता तो सूर म्हणजे खांद्यातली कळ, तळव्याला सुटलेला घाम, सातव्यांदा. इथे त्यातलं काहीच नव्हतं. इथे कुणीतरी फार म्हातारं, फार तरुण, काहीतरी सांगायला तोंड उघडत होतं आणि सांगत होतं. तो हलत होता खरा. पण हललेल्या प्रत्येक ठिकाणी तो पुढेच जात होता. आणि मग मास्तर आले, किती जपून, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसे, मग जाड्या, आणि शेवटी ताई, जिला हे ऐकवत नव्हतं ती ताई, ध्वनिमुद्रणाच्या त्या दुसऱ्या दिवशी, तिच्यासमोर बसून, तिच्या थरथरत्या सुरावर आपला सूर इतक्या हलक्या हाताने ठेवत होती की तो मोडू नये. हे त्या दिवशी तिला ऐकू आलंच नव्हतं. तिघंही तिला धरून वाजवत होते. तिला वाटलं होतं, आपण एकट्याच पडतोय.

‘पण हे खोटं आहे,’ संपल्यावर ती म्हणाली. ‘विचारपूर्वक वगैरे. त्यांना सांगायला हवं.’

‘सांग की मग,’ ताई म्हणाली. ‘समारंभाला ये आणि सांग.’

समारंभ तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी होता. छोटंसं सभागृह, दोनशे खुर्च्या, पुढच्या दारात फुलं. जाड्याने कोट घातला होता आणि त्यात तो अजूनच हडकुळा दिसत होता. मास्तर म्हणाले, ‘मधलीला कोणी ऐकत नाही, पण नसली की घर पोकळ वाजतं. दोन वर्षं पोकळ वाजलंय आमचं.’ आणि एवढं बोलून त्यांना इतका संकोच झाला की ते पाणी प्यायला निघून गेले. नवी तिच्या समोर येऊन नुसतीच उभी राहिली, हातात पेटी. मधलीने तिच्या गालाला हात लावला. ‘तू आधी हात वर केलास म्हणे,’ ती म्हणाली. ‘माझा सरळ होता, बाई,’ नवी म्हणाली. ‘पण त्यात कुणी नव्हतं.’ ‘येईल,’ मधली म्हणाली. ‘घाई करू नकोस. इतक्यात यायला नको.’

परीक्षकांत जे प्रमुख होते ते आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. चहाच्या टेबलाशी ते स्वतःच तिच्याकडे आले. ‘तुम्हीच ना त्या? मला एकच विचारायचंय, तो सूर तुम्ही कसा ठरवलात? गजाचा तसा वापर?’ तिने भरलेली कपबशी उजव्या हातात घेतली आणि त्यांच्यासमोर धरली. बशीत कप किणकिणत राहिला. ‘असा,’ ती म्हणाली. ‘ठरवला नाही हो. हात हलतो माझा. तुम्ही लिहिलंय ते चूक आहे, दुरुस्त करायचं असेल तर करा.’ ते गृहस्थ कपाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी ओशाळला, मग घाबरला. ‘अरे बापरे,’ ते म्हणाले. ‘मी माझ्या विद्यार्थ्यांना तो ऐकवला. म्हटलं, श्वास असा सोडा. आता काय सांगू त्यांना?’ ‘सांगा, असा सोडू नका,’ ती म्हणाली. त्यांच्या मिशा हलल्या. ते हसतायत हे तिला जरा उशिरा कळलं. मग त्यांनी तिच्या हातातली कपबशी घेऊन टेबलावर ठेवली. ‘“विचारपूर्वक” खोडतो,’ ते म्हणाले. ‘बाकीचं राहू दे. बाकीचं आम्ही ऐकलेलं आहे.’

नाव पुकारल्यावर पाचही जण वर गेले. काचेची जड वस्तू होती. ताईने ती मधलीच्या हातात दिली, नवीने खालून हात लावला. टाळ्या झाल्या. मग पद्धतीप्रमाणे तोच संथ भाग वाजवायचा होता, चार खुर्च्या मांडलेल्या होत्या, म्हणून ती पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत नवऱ्याशेजारी येऊन बसली. तिला वाटलं होतं की हा क्षण जड जाईल. नवीने गज उचलला. सूर निघाला, सरळ, स्वच्छ, तिच्यासारखा अजिबात नाही, आणि नवीचा खांदा किंचित वर आला तेव्हा ‘खाली घे’ असं तिच्या ओठांवर आलं, आणि नवीने तो आपण होऊनच खाली घेतला. मग बाकीचे तिघं आले.

आणि मग व्हिओला हरवला. ती कान देऊन शोधत राहिली आणि तिला तो सापडेना. वर ताई होती, खाली जाड्या, मास्तर त्यांच्या जागी, पण मधला आवाज वेगळा म्हणून कुठे ऐकूच येईना. तो ताईच्या व्हायोलिनच्या उबेत होता, चेलोच्या गहिरेपणात होता, तिघांना एकाच घरातली माणसं करून स्वतः कुठेतरी आत जाऊन बसला होता. एकोणतीस वर्षं ती त्याच्या आत होती. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला जाड्या, समोर ताईचा हलणारा कोपर. तिथून तिला चार आवाज ऐकू यायचे, त्यातला आपला सर्वांत मोठा, आणि त्यातल्याच चुका. बाहेरून असं ऐकू येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगून कळलंही नसतं. म्हणजे ही माणसं, ही रांगेतली माणसं, पावसाळी संध्याकाळी छत्र्या मिटवून येऊन बसणारी, आपण त्यांना हे देत होतो. इतकी वर्षं. आणि दमलो म्हणून कुरकुरत होतो, आणि मधे बसतो म्हणून मनात कुढत होतो. तिच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं की ते कुणाला द्यावं कळेना. ताईला, मास्तरांना, त्या कमी बोलणाऱ्या बाईंना, काहीही न कळता शेजारी ताठ बसलेल्या नवऱ्याला, त्या गजवाल्याला ज्याने बघूनही बघितलं नाही. उजवा हात मांडीवर हलत होता. नवऱ्याने तो धरायला आपला हात पुढे केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे घेतला, आणि तिने तो हलू दिला.

शेवटचा सूर विरला. चौघांचे गज हवेत तसेच थांबले. एकतीस वर्षांत या मेळासाठी तिने एकदाही टाळी वाजवली नव्हती. वाजवणार कशी, ती नेहमी पलीकडच्या बाजूला. गज खाली आले. ती सगळ्यांच्या आधी उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी, जमेल तशी, वाजवायला लागली.